छातीवर पदक नसलेला वीर : इंदूरच्या एका कार्यशाळेत घडवून घेतलेला अर्धपुतळा

दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आलेले मराठा सैनिक नाईक यशवंत घाडगे यांचा एकास दहा प्रमाणातील रंगीत अर्धपुतळा मी या वर्षी इंदुरात घडवून घेतला. ज्या कार्यशाळेने तो घडवला, तिच्या कामाविषयी येथे सविस्तर लिहीत आहे. सुदामानगरातील एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या म्हणजे ही कार्यशाळा. एका खोलीत पती शिल्प घडवतात आणि साचे काढतात, दुसरीत पत्नी रंगकाम करतात. दाराला पाटी नाही. ओळखीतून येते तेवढेच काम घेतले जाते, आणि आपले नाव छापले जाऊ नये अशी दोघांचीही इच्छा असल्यामुळे मी त्यांचा उल्लेख शिल्पकार आणि वहिनी एवढाच करणार आहे.

माझे वडील १९६४ मध्ये बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर महूला स्थायिक झाले. रंगरूट असताना त्यांच्या मनावर जी दोन नावे पहिल्यांदा कोरली गेली, ती नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांची होती. रेजिमेंटला मिळालेले दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, या दोघांचे आहेत, आणि दोन्ही इटलीतील लढायांमधले आहेत. आमच्या देवघरात पूर्वजांच्या टाकांमध्ये एक वीराचा टाक आहे. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली ती आकृती ढाल-तलवार घेऊन उभी आहे, पण तिचा चेहरा कोणाचाही असू शकेल असा आहे; वीरगळांवरच्या योद्ध्यांचेही तसेच असते. वडिलांना मात्र एका ठरावीक माणसाचा, ओळखता येईल असा चेहरा हवा होता. पूर्णाकृती पुतळीपेक्षा अर्धपुतळा निवडला तो एवढ्याचसाठी. एकास दहा प्रमाणात माणसाचे डोके साधारण २३ मिलिमीटर उंच येते, आणि एवढ्या उंचीत चेहऱ्याला चेहरेपण देता येते.

घाडगे रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, माणगाव तालुक्यातील पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. अगदी जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी झाला. सोबत यायला कोणी उरलेले नाही हे पुरते ठाऊक असताना ते एकटे त्या मशिनगनवर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी गन आणि ती चालवणारा दोन्ही शांत केले, टॉमीगनने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या मशिनगनने, आणखी एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही हे पाहून तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच ठाण्यात पडले. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. इटलीतील कॅसिनो या गावच्या युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे, माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक उभारले गेले.

ही हकीकत शिल्पकारांनी पहिल्या भेटीत माझ्याकडून दोनदा ऐकली आणि पदकासोबतच्या मानपत्रातील मजकूर स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतला. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण याआधी मी ज्या दोन ठिकाणी चौकशी केली होती, तिथे पहिला प्रश्न उंचीचा आणि दुसरा पैशांचा होता. येथे पैशांची बोलणी तिसऱ्या भेटीत झाली. मूळ शिल्प, सिलिकॉन रबराचा साचा, रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या, दोन प्रती, त्यांपैकी एकीचे संपूर्ण रंगकाम आणि सागवानी बैठक या सर्वांचे मिळून साडेबावीस हजार रुपये ठरले; निम्मे आगाऊ, उरलेले काम हाती पडल्यावर. दर शनिवारी येऊन काम पाहण्याची आणि आक्षेप घेण्याची मुभा होती. ती नुसती बोलण्यापुरती नव्हती, हे पुढे दिसून आले.

शिल्पाची सुरुवात लाकडी ठोकळ्यात रोवलेल्या पितळी तारेने झाली. तारेच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या कागदाचा घट्ट गोळा करून कवटीचा गाभा तयार केला गेला आणि त्यावर दोन भाग मळून एकत्र करायच्या इपॉक्सी पुट्टीचे थर चढले. नळाची गळती बंद करायला वापरतात त्याच जातीची, पण फार बारीक पोताची ही पुट्टी असते. मळल्यावर तास-दीड तास ती हाताला वश राहते, रात्रभरात दगडासारखी होते, आणि मग तिला तासता, घासता, कोरता येते. म्हणून हे काम एका दमात होत नाही. कवटी एका दिवशी, जबडा आणि गालाची हाडे दुसऱ्या दिवशी, नाक-डोळे तिसऱ्या, कान सर्वांत शेवटी, अशा टप्प्यांनी ते पुढे सरकते. दातांच्या डॉक्टरांची हत्यारे, लाकडात बसवलेल्या सुया आणि रबरी टोकाची लेखणी एवढ्यावर सारे काम चालते. पुट्टी हत्याराला चिकटू नये म्हणून ते सारखे पाण्यात बुडवले जाते. शिल्पकार काम चालू असताना ठोकळा सतत फिरवत असतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तो आरशासमोर धरतात; उलटे प्रतिबिंब पाहिले की सवयीने नजरेआड झालेला वाकडेपणा लगेच ध्यानात येतो.

तिसऱ्या शनिवारी मी पाहिलेला चेहरा उत्तम होता, आणि साफ चुकीचा होता. कपाळावर तीन आठ्या, नाकाच्या दोन्ही बाजूंनी तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेल्या खोल घड्या, भुवया आक्रसलेल्या आणि भरघोस मिशा. चाळिशी उलटलेला करारी हवालदार वाटावा असा तो माणूस होता. शूर म्हटला की असा चेहरा घडवायचा, ही आपल्याकडे रुळलेली रीत आहे आणि चौकाचौकांतील पुतळ्यांनी ती पक्की केली आहे. मी म्हणालो, की हा मुलगा २२ वर्षांचा आहे. शिल्पकारांनी लगेच मान्य केले आणि त्याचे जे कारण सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. सुरकुतीला शिल्पकाराच्या हाताचा आधार असतो, असे ते म्हणाले. म्हातारा चेहरा आपली खूण आपणच सांगतो, पण कोवळ्या चेहऱ्यावर हत्यार टेकवायला जागाच सापडत नाही, आणि सारे काही हाडांच्या ठेवणीवर सोडावे लागते. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदुरात सुरू केलेल्या आणि बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी या चित्रकारांना घडवणाऱ्या चित्रशाळेत ते शिकले आहेत. तरुणपणी धारला जाऊन रघुनाथराव फडके यांच्या व्यक्तिशिल्पांपुढे ते तासन्तास बसत असत. व्यक्तिशिल्पाची ती जाण हातात असूनही त्यांनी सोपी वाट धरली होती, आणि ती सोडायला त्यांनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत तो चेहरा खरवडून पुन्हा घडवला गेला. आठ्या गेल्या, गाल भरले, मिशी ओठांच्या कडेपुरती बारीक राहिली. जबडा मात्र आवळलेला ठेवला गेला आणि कानाखालचा स्नायू किंचित फुगवला गेला. लढणाऱ्या माणसाचा ताण एवढ्या एका ठिकाणी आला, आणि तेवढ्याने पुरेसे झाले. ओठ घट्ट मिटलेले नाहीत; त्यांच्यात केसाएवढी फट आहे, कारण धावणारा माणूस तोंडानेही श्वास घेतो. एवढ्याशा फटीसाठी शिल्पकारांनी दोन संध्याकाळी खर्च केल्या. अर्धपुतळ्याला हात नसतात, तेव्हा ती टॉमीगन दाखवायला जागा नव्हती, आणि छातीशी तिचे तुकडाभर टोक दाखवावे ही माझी सूचना त्यांनी नाकारली. ती गन आधी बंदूक म्हणून आणि मग सोटा म्हणून चालवली गेली; नुसते टोक दाखवले तर यांतले काहीच कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज पुतळा समोर ठेवून पाहताना मला त्यांचेच बरोबर वाटते.

सर्वांत मोठा वाद पदकाचा झाला. वडिलांना छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस हवा होता, आणि त्यामागची त्यांची भावना साधी होती : घरी येणाऱ्या माणसाला हा कोण हे कळले पाहिजे. शिल्पकार एक दिवस स्वतः महूला आले, वडिलांसमोर बसले आणि म्हणाले, “सुभेदारसाहेब, हे पदक यांनी कधी पाहिलेच नाही. ते मरणोत्तर मिळालेले आहे. मी ते यांच्या छातीवर लावले, तर हे लढाईतून परत आले असा त्याचा अर्थ होईल.” वडील त्यावर काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून सांगितले, “छाती मोकळी ठेवायला सांग त्यांना.”

या एका निर्णयासाठी मी या कार्यशाळेला इतर सर्व गोष्टींपेक्षा अधिक मान देतो. सन्मानित सैनिकांचे जे छोटे अर्धपुतळे मी आजवर पाहिले आहेत, त्यांत पदक आधी येते आणि माणूस त्यामागून येतो. हौशी मंडळीही पदके नीट रंगवली आहेत का, फितींचे रंग क्रमाने आहेत का, हेच आधी तपासतात. परंतु मरणोत्तर सन्मान मिळालेल्या माणसाच्या बाबतीत ही सजावट म्हणजे इतिहासाची चूक ठरते, आणि गिऱ्हाइकाला नाराज करण्याची जोखीम पत्करून ती चूक टाळणारा कारागीर विरळा. शिवाय रणांगणावर कोणी पदके लावून जात नाही. पुतळा १० जुलैच्या सकाळचा असेल, तर त्यावर त्या दिवसानंतरचे काहीच असता कामा नये.

पदक मग बैठकीच्या दर्शनी भागावर आले, माणसापासून वेगळे. येथे प्रमाणही बदलले आहे. खरा क्रॉस सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो. एकास दहा प्रमाणात तो ३.६ मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा झाला असता, आणि त्यावरचा मुकुट, सिंह आणि ‘फॉर व्हॅलर’ ही अक्षरे केवळ खरखर बनून राहिली असती. म्हणून तो निम्म्या मापाचा, १८ मिलिमीटरचा केला. फीत किरमिजी, तिच्याखाली पानांची नक्षी असलेली आडवी पट्टी, पट्टी आणि क्रॉस यांना जोडणारी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराची कडी. सर्व काही जिथल्या तिथे आहे. क्रॉसचा रंग पिवळाधमक ठेवण्याचा मोहही वहिनींनी टाळला. हे पदक कांस्याचे असते आणि दिसायला काळसर तपकिरी असते. त्याला सोनेरी रंग देणे ही फार वेळा होणारी चूक आहे. खऱ्या पदकाच्या मागच्या बाजूला पराक्रमाची तारीख कोरलेली असते. येथे मागची बाजू लाकडात गेल्यामुळे शिल्पकारांनी ती तारीख बैठकीच्या तळाशी कोरली. हे कोणी सांगितले नव्हते.

पोशाखाविषयी थोडक्यात लिहितो. महिना जुलैचा, इटलीतला उन्हाळ्याचा, म्हणून लोकरी बॅटलड्रेसऐवजी सुती खाकी शर्ट, गळ्याशी उघडा. खांद्यांवरून १९३७ च्या नमुन्याचे वेबिंगचे, म्हणजे जाड विणीच्या कापडाचे, पट्टे. डोक्यावर पसरट कडांचे पोलादी शिरस्त्राण. या कडांचे कौतुक केले पाहिजे. खरा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो आणि त्याचा दहावा भाग रेझिनमध्ये ओतता येत नाही, म्हणून कडा खालून तिरप्या तासल्या आहेत. समोरून पाहणाऱ्याला त्या पातळ पत्र्याच्याच वाटतात. शिरस्त्राणाचा खरखरीत, न चकाकणारा पृष्ठभाग रंगात खाण्याचा सोडा मिसळून आणला आहे. त्यावरची जाळी मात्र मला पटली नाही. बँडेजच्या कापडाची ती जाळी दुरून छान दिसते, पण जवळून तिच्या सुटलेल्या तंतूंची लव रंगाखालूनही जाणवते. एवढ्या सफाईच्या कामात ती एकच जागा घाईची वाटते.

आता उशिराविषयी. काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले आणि पुतळा १० जुलैपूर्वी मिळावा असे लेखी ठरले होते. मूळ शिल्प जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण झाले, साचाही उत्तम निघाला, आणि मग पाऊस सुरू झाला. पॉलियुरेथेन रेझिनचे दोन द्रव एकत्र केले की काही मिनिटांत ते घट्ट होतात, पण त्यांना ओलावा मुळीच सोसत नाही. पाण्याशी संयोग झाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ओतीव प्रत आतून फसफसते. पहिल्या चार प्रती अशाच गेल्या. एकीच्या गालावर देवीचे व्रण असावेत तशी छिद्रे होती, दुसरीची नाकाची शेंडीच भरली नव्हती. शिल्पकारांनी त्या चारही प्रती मला दाखवल्या, लपवल्या नाहीत. रेझिनचे उघडलेले डबे बदलले, साचा ओतण्यापूर्वी दिव्याखाली तापवून कोरडा केला, तेव्हा जुलैच्या मध्याला पाचवी प्रत निर्दोष आली. पण १० जुलै हुकली ती हुकलीच. त्या दिवशी वडिलांनी पाटावर मानपत्राची प्रत ठेवून हार घातला. मला त्याचे वाईट वाटले आणि आजही वाटते. माळव्यात पाऊस कधी येतो हे इथे राहणाऱ्या कारागिराला सांगावे लागू नये; साच्याचे काम मेअखेरीस उरकेल असे वेळापत्रक त्यांनीच आखायला हवे होते. पुतळा ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हाती आला, म्हणजे सुमारे सहा आठवडे उशिरा.

त्या सहा आठवड्यांपैकी चार रंगकामाचे होते आणि त्यांतला एकही दिवस वाया गेलेला नाही. वहिनींचे काम हा या सेवेचा सर्वांत समृद्ध भाग आहे. प्रत आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन तिच्यावरचा साच्याचा तेलकटपणा काढला गेला, सांध्याच्या रेषा घासल्या गेल्या, मग सर्वांगाला काळा प्रायमर, म्हणजे रंग धरण्यासाठीचा पहिला थर, आणि त्यावर केवळ वरून खाली पांढरा फवारा दिला गेला. त्यामुळे ऊन डोक्यावर असताना उजेड कुठे पडेल आणि सावली कुठे राहील याचा नकाशाच पुतळ्यावर उमटला : शिरस्त्राणाच्या कडांखाली डोळ्यांपर्यंत काळोख, नाकाच्या शेंड्यावर आणि खालच्या ओठावर उजेड. पुढचा प्रत्येक रंग पाण्याने इतका पातळ केलेला असतो की खालचा नकाशा त्यातून दिसत राहतो. उन्हाळ्यात इथल्या कोरड्या हवेत ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, म्हणून स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग अशी त्यांची सोय आहे. पावसाळ्यातही त्यांनी ती मोडली नाही.

कातडीच्या रंगाविषयी त्यांनी मला जे दाखवले ते या छंदातील प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे. बाहेरून येणारे कातडीच्या रंगांचे तयार संच बहुतेक करून गोऱ्या चेहऱ्यांच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यांतला सर्वांत गडद रंग घेऊन त्यात पांढरा मिसळत उजेड आणत गेले, तर सावळा चेहरा राख फासल्यासारखा भुरकट होतो. आपल्याकडचे अनेक रंगवलेले सैनिक असे आजारी दिसतात त्याचे कारण हेच. वहिनींनी कोकणातल्या उन्हापावसात वाढलेल्या मुलाचा रंग बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर या तांबूस आणि गडद तपकिरी रंगांच्या पायावर उभा केला. सावल्यांत किंचित हिरवट झाक आणि थोडा जांभळा घातला, आणि उजेडासाठी पांढऱ्याऐवजी पिवळ्या मातीचा रंग, म्हणजे यलो ऑकर, वापरला. नाकपुड्या, कानांच्या पाळ्या आणि गालांचा वरचा भाग यांवर लालसर पातळ थर आहे, दाढीच्या जागी निळसर राखाडीचा इतका पुसट हात आहे की तो असल्याचे सांगितल्यावरच दिसतो. असे मी मोजलेले थर अठरा होते. मी नसताना किती दिले गेले, ते वेगळे.

डोळे त्यांनी एका सकाळी रंगवले आणि त्या वेळी खोलीत कोणी बोलायचे नाही असा त्यांचा नियम होता. एकास दहा प्रमाणात डोळ्याची फट सुमारे ३ मिलिमीटर असते आणि बुबुळ मिलिमीटरहून थोडेसेच मोठे. पांढरा भाग पांढऱ्या रंगाने रंगवला की माणूस दचकल्यासारखा दिसतो, म्हणून तिथे तपकिरीकडे झुकणारा मळकट रंग आहे. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली गेलेला आहे, आणि वरच्या पापणीची रेषा काळी न ठेवता गडद तपकिरी ठेवली आहे. मला वाटले होते की यासाठी केसाएवढा ब्रश लागत असेल. प्रत्यक्षात त्यांनी चांगल्या प्रतीचा, टोकदार पण पोटात रंग धरून ठेवणारा एक नंबरचा ब्रश वापरला. अतिबारीक ब्रशातला रंग डोळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो. दोन्ही डोळ्यांची नजर एकाच ठिकाणी, किंचित वर आणि डावीकडे लागलेली आहे. चढावर काहीतरी आहे आणि तिकडे जायचे आहे, एवढे ती नजर सांगते.

खाकी शर्ट त्यांनी त्याच जिव्हाळ्याने केला आहे. एका खाकीचे पाच रंग झाले आहेत : खांद्यांवर उन्हाने विटलेला, काखेत आणि मानेभोवती घामाने गडद झालेला, पट्ट्यांच्या कडेला मळलेला, आणि मधल्या छटा. त्या मोकळ्या छातीवर घड्यांखेरीज काही नाही, आणि पाहणाऱ्याची नजर तिथे न अडकता थेट चेहऱ्यावर जाते. रक्त कुठेही दाखवलेले नाही. त्याविषयी आमच्यात बोलणेही झाले नाही.

दोन तक्रारी उरतात. पितळी नावाची पट्टी कार्यशाळेने बाहेरच्या कोरणाऱ्याकडून करवून घेतली आणि तिच्यावर ‘घाडगे’ऐवजी ‘घाटगे’ आले. ही दोन वेगळी आडनावे आहेत हे इंदूरच्या मराठी माणसाला सांगण्याची गरज पडू नये. पट्टी बदलून मिळाली, त्याचे पैसेही घेतले नाहीत, पण बैठकीला ती लावण्यापूर्वी कोणीतरी एकदा वाचायला हवी होती. दुसरी तक्रार बांधणीची. सुदामानगर ते महू हा तासाभराचा प्रवास थर्माकोलच्या तुकड्यांत आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यांत झाला, आणि घरी पेटी उघडली तेव्हा शिरस्त्राणाच्या मागच्या कडेचा तीळभर टवका उडालेला होता. एवढ्या किमतीच्या वस्तूला बैठकीखालून स्क्रूने आवळता येईल अशी लाकडी पेटी दिली पाहिजे. वहिनींनी पुढच्याच रविवारी महूला येऊन तो टवका भरून रंगवला. आता मलाही ती जागा सापडत नाही.

किंमत जास्त आहे का, असे मला काही जणांनी विचारले. साच्यातून निघालेला तयार, न रंगवलेला परदेशी अर्धपुतळा याच्या काही अंशात मिळतो. पण त्यात रायगड जिल्ह्यातला २२ वर्षांचा नाईक मिळत नाही, आणि तो कसा असावा यावर तुमच्याशी वाद घालणारा माणूसही मिळत नाही. ज्याला शोभेची वस्तू ठरल्या दिवशी हवी आहे, त्याने येथे जाऊ नये. ज्याला एका माणसाविषयी खरे काम हवे आहे आणि जो शनिवार मोकळे ठेवू शकतो, त्याने अवश्य जावे. मात्र साचा आणि ओतकाम पावसाळ्यापूर्वी संपेल अशी अट कागदावर लिहून घ्यावी, आणि नाव मोठ्या अक्षरांत स्वतः लिहून द्यावे.

वडिलांनी पुतळा हातात घेऊन खिडकीशी नेला, सावकाश फिरवून पाहिला आणि विचारले, “जाधवांचा कधी करतील?” त्याची आगाऊ रक्कम मी दिली आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, चढणीवरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणून मग एकट्याने मशिनगनची तीन ठाणी मोडणारे नामदेव जाधव लढाईतून परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. त्यांनी आपले पदक स्वतःच्या छातीवर लावले होते. त्यामुळे या वेळी फीत छातीवर येणार आहे, एकास दहा प्रमाणात जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद. तिचा किरमिजी रंग खाकीवर कसा दिसेल, याचे सहा नमुने वहिनींनी पुठ्ठ्यावर रंगवून ठेवले आहेत.